शहरी रेल्वे आणि रेडिओ लहरींचे सिम्युलेशन : प्रस्तावना

मेट्रोची आधुनिक गाडी धावत असताना जमिनीवरच्या संगणकाशी अखंड बोलत असते. आपण नेमके कुठे आहोत आणि किती वेगाने चाललो आहोत हे ती कळवते. पुढे कुठपर्यंत जायची मुभा आहे हे तिला उलट कळवले जाते. या देवाणघेवाणीवर उभ्या असलेल्या गाडीनियंत्रणाला सीबीटीसी म्हणतात. जुन्या पद्धतीत रुळांचे ठरावीक लांबीचे ब्लॉक पाडलेले असत. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी असा नियम असे आणि गाडी कोणत्या ब्लॉकमध्ये आहे हे रुळांतून सोडलेल्या विजेवरून समजे. सीबीटीसीत ब्लॉक जणू गाडीबरोबरच सरकतो, त्यामुळे मागची गाडी पुढचीच्या बरीच जवळ येऊ शकते. दीड-दोन मिनिटांनी गाडी सोडायची तर याला फारसा पर्याय उरत नाही.

आरंभीच्या काळात ही बातचीत तारेतून होई. टोरांटोची स्कारबरो लाइन आणि व्हँकुव्हरची स्कायट्रेन या १९८० च्या दशकातल्या मार्गांवर रुळांच्या मधोमध तारेचे वेटोळे अंथरलेले होते. गाडीच्या पोटाखालचा अँटेना त्या तारेपासून वीतभर अंतरावरून जाई, म्हणजे सिग्नल पोचेल की नाही हा प्रश्नच नसे. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरची एअरट्रेन २००३ मध्ये सुरू झाली, ती रेडिओवर चालणाऱ्या पहिल्या सीबीटीसी मार्गांपैकी एक. त्याआधीच, १९९९ मध्ये, आयईईई या संस्थेने सीबीटीसीचे १४७४.१ हे मानक प्रसिद्ध केले होते. भारतात दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा लाइनवर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी धावू लागली. मुंबईची २ए, ७ आणि भुयारी ३ क्रमांकाची लाइन, तसेच पुणे आणि नागपूरची मेट्रो सीबीटीसीवर चालतात. तार गेली, देखभालीचा खर्च घटला. पण लहर कुठे पोचेल आणि कुठे नाही, हे आधीच सांगण्याची जबाबदारी आता अभियंत्यावर आली.

संपर्क तुटला तर अपघात होईल, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. ठरलेल्या काही सेकंदांत नवा संदेश आला नाही, की गाडी स्वतःहून ब्रेक लावते. प्रवासी सुरक्षित राहतात, पण मागच्या सगळ्या गाड्या एकामागोमाग अडकतात आणि गर्दीच्या वेळी अर्ध्या मिनिटाचा खोळंबा भरून काढायला तासभर जातो. दुसरे असे, की एका गाडीला लागणारा डेटा अगदी थोडा असतो. सेकंदाला काही दहा किलोबिट पुरतात. मोबाइलवरचा साधा व्हिडिओ याच्या कितीतरी पट खातो. इथे हवा आहे तो न तुटणारा संपर्क, वेग नव्हे. म्हणून मार्गावरची सरासरी सिग्नलपातळी किती, या प्रश्नाचे उत्तर फारसे उपयोगाचे नाही. सगळ्यात वाईट जागा कोणती, ती किती मीटर लांब आहे आणि तिथे गाडी उभी राहू शकते का, हे सांगणारे सिम्युलेशनच कामाचे.

मोबाइल कंपन्या वापरतात ती सूत्रे इथे उपयोगी पडत नाहीत. ओकुमुरा यांनी टोकियो परिसरात घेतलेली मापने १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि हाता यांनी १९८० मध्ये ती सुटसुटीत सूत्रांत बसवली. जगभरच्या मोबाइल जाळ्यांची पहिली आखणी त्यांच्याच आधारावर झाली. पण हाता सूत्र १५० ते १५०० मेगाहर्ट्झ वारंवारतेसाठी आहे, मनोऱ्याची उंची ३० ते २०० मीटर धरते आणि अंतर १ ते २० किलोमीटर. मेट्रोत रेडिओचे ठाणे, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, रुळांपासून चार-पाच मीटरवर टांगलेले असते, दोन ठाण्यांत दोन-तीनशे मीटर अंतर असते आणि वारंवारता बहुधा २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झ. तिन्ही अटी मोडतात. तरीही निविदेतल्या अहवालांत हे सूत्र अधूनमधून डोके वर काढते, कारण ते प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते.

हिशेबाची सुरुवात मोकळ्या अवकाशातल्या क्षयापासून होते. २.४ गिगाहर्ट्झची लहर १ किलोमीटर गेली की तिचा क्षय १०० डेसिबेल भरतो. ३०० मीटरला तो सुमारे ९० असतो. डेसिबेलचे माप लॉगरिदमवर आधारलेले आहे : दर ३ डेसिबेलला शक्ती निम्मी, दर १० ला एक दशांश. आता एक नमुन्याचे गणित. ठाण्याची शक्ती १०० मिलिवॅट, म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत २० डेसिबेल, अर्थात २० डीबीएम. ठाण्याच्या अँटेनाचा लाभ १०, गाडीवरच्या अँटेनाचा ८, आणि केबल, जोडण्या व विभाजक यांत ८ डेसिबेल गेले असे धरू. ३०० मीटरवर गाडीच्या रेडिओला मिळतात उणे ६० डीबीएम, म्हणजे एक नॅनोवॅट. रेडिओला उणे ८० पुरत असतील तर २० डेसिबेलची शिल्लक दिसते. कागदावर ही चैन वाटते. प्रत्यक्षात त्या शिलकीतून वळण, गाडीचे धातूचे अंग, बंद पडलेले शेजारचे ठाणे आणि फेडिंग, म्हणजे सिग्नलची जागोजागची चढउतार, या साऱ्यांची देणी भागवायची असतात.

बोगद्यात मात्र लहर अंदाजाला चकवते. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर भातण बोगद्यात शिरताच गाडीतली मध्यम लहरींवरची आकाशवाणी गप्प होते, त्यामुळे बोगदा म्हणजे रेडिओचा शत्रू असा सर्वसाधारण ग्रह असतो. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर. काही मीटर रुंदीच्या पोकळीत ती मावतच नाही. धातूच्या भिंतीची ५.८ मीटर व्यासाची गोल नळी कल्पिली तर साधारण ३० मेगाहर्ट्झच्या खालची लहर तिच्यातून पुढे सरकूच शकत नाही. पण २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर लांबीची. तिच्या दृष्टीने बोगदा हा प्रशस्त हमरस्ता असतो. भिंतीला अगदी तिरकस घासून जाणारा किरण काँक्रीटवरून जवळजवळ पुरताच परावर्तित होतो, पसरून वाया जात नाही, आणि उघड्यावरच्यापेक्षा लांब पल्ला गाठतो.

या विषयाचे मूळ मेट्रोत नसून कोळशाच्या खाणीत आहे. खाणीत अडकलेल्या कामगारांशी बोलता यावे, या गरजेतून अमेरिकेत बरेच संशोधन झाले आणि १९७५ मध्ये एम्स्ली, लॅगासी व स्ट्राँग यांनी खाणीच्या बोगद्यांतल्या लहरींचा सिद्धान्त मांडला. त्यांच्या सूत्रानुसार गुळगुळीत बोगद्यातला क्षय तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि बोगद्याच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. वारंवारता दुप्पट केली तर क्षय चौथाईवर येतो. बोगदा निम्मा अरुंद केला तर क्षय आठपट होतो. पण भिंती वाकड्यातिकड्या असल्या तर उंच वारंवारतेचे नुकसान वाढते, म्हणून खाणीत ५०० ते १००० मेगाहर्ट्झचा पट्टा सर्वांत सोयीचा ठरला. यंत्राने खोदून काँक्रीटच्या कड्यांनी मढवलेला मेट्रोचा बोगदा खाणीपेक्षा कितीतरी सरळ आणि गुळगुळीत असतो, त्यामुळे इथे तोल उंच वारंवारतेकडे झुकतो.

ठाण्याजवळचे दृश्य मात्र गोंधळाचे असते. पहिल्या काहीशे मीटरांत असंख्य किरण निरनिराळ्या कोनांतून येतात; कुठे एकमेकांना बळ देतात, कुठे एकमेकांना खोडून काढतात. उभे कोन असलेले किरण भिंतीत मुरून संपले, की पुढे मोजकेच उरतात आणि पातळी संथपणे उतरते. या दोन टप्प्यांमधली सीमा ओळखता आली नाही तर सिम्युलेशनची सारी आकडेमोड एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चूक येते.

फेडिंगचे रूपही बोगद्यात बदलते. उघड्यावर चहूबाजूंनी लहरी येतात, तेव्हा सिग्नलचे खड्डे अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे सहा सेंटिमीटरवर पडतात. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी असा खड्डा तीन मिलिसेकंदांच्या आत पार करते. हरवलेला संदेश पुन्हा पाठवला की काम भागते. बोगद्यात उरलेले किरण जवळपास एकाच दिशेने चाललेले असतात, त्यांच्या मार्गांतला फरक हळूहळू बदलतो, आणि खड्डे काही मीटरांपर्यंत, कधी त्याहूनही लांब ताणले जातात. दहा मीटरचा खड्डा पार करायला त्याच गाडीला जवळपास अर्धा सेकंद लागतो. आणि गाडी स्टेशनच्या अलीकडे नेमकी त्याच जागी थांबली तर तिच्यापुरता तो खड्डा संपतच नाही. चालती गाडी गृहीत धरून काढलेली आकडेवारी इथे फसवी ठरते. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला वेगवेगळे रेडिओ बसवतात, त्याचे मुख्य कारण हेच. पूर्ण विस्कळीत, म्हणजे रेले प्रकारच्या फेडिंगमध्ये पातळी सरासरीच्या २० डेसिबेल खाली जाण्याची शक्यता १ टक्का असते. दोन्ही टोके एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर दोन्ही एकाच वेळी खड्ड्यात सापडण्याची शक्यता दहा हजारांत एक. ही टोके खरोखर स्वतंत्र आहेत का, हे अर्थातच तपासावे लागते. दोन्ही रेडिओ एकाच ठाण्याला चिकटून असतील तर ते ठाणे बंद पडल्यावर हिशेब कोसळतो.

वळणांचा प्रश्न साध्या भूमितीने सुटतो, पण तो नकाशा हाती आल्याबरोबर करायला हवा. ३०० मीटर त्रिज्येचे वळण आणि ५.८ मीटर रुंदीचा बोगदा घेतला, ठाण्याचा अँटेना बाहेरच्या भिंतीवर आणि गाडीचा मध्यरेषेवर धरला, तर थेट दृष्टिरेषा जेमतेम १०० मीटर मिळते. अँटेना आतल्या भिंतीवर टांगला तर त्याहूनही कमी. सरळ बोगद्यासाठी आखलेले ३०० मीटरचे अंतर अशा जागी डोळे मिटून चालवून घेता येत नाही. स्टेशनच्या तोंडाशी वेगळीच अडचण येते : अरुंद नळी एकदम रुंद होते, लहर पसरते, फलाटावरचे काचेचे दरवाजे आणि त्यांच्या धातूच्या चौकटी मधे येतात, आणि पलीकडच्या नळीत शिरताना तिचा बराच भाग कडांवर आपटून वाया जातो.

उन्नत मार्गावर तुलनेने सोपे चित्र असते. एक किरण थेट येतो, दुसरा पुलाच्या पाटावरून परावर्तित होऊन. ठाणे ५ मीटरवर आणि गाडीचा अँटेना साडेतीन मीटरवर असेल तर २.४ गिगाहर्ट्झला सुमारे ५६० मीटरपर्यंत पातळी वरखाली हेलकावत राहते आणि त्यापुढे झपाट्याने घसरते. ठाण्यांतले अंतर त्याच्या आत असल्याने घसरणीची भीती नसते. पावसाचीही फारशी भीती नाही. या वारंवारतांना मुसळधार पावसातला क्षयसुद्धा नगण्य असतो. ओल्या झाडीचा मात्र परिणाम होतो. मे महिन्यात केलेले सर्वेक्षण ऑगस्टमधल्या हिरव्यागार कठड्याला लागू पडेलच असे नाही.

सिम्युलेशनच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांची निवड मुख्यतः खर्चावर ठरते. सर्वांत काटेकोर मार्ग म्हणजे मॅक्सवेलची समीकरणे थेट सोडवणे; यी यांनी १९६६ मध्ये दिलेल्या पद्धतीत सारा अवकाश बारीक घनांमध्ये चिरला जातो. घनाची बाजू तरंगलांबीच्या दशांशाएवढी हवी, म्हणजे इथे सव्वा सेंटिमीटर. ६ मीटर रुंद, ६ मीटर उंच आणि १ किलोमीटर लांब बोगद्यात असे सुमारे १८ अब्ज घन बसतात. प्रत्येक घनासाठी सहा संख्या साठवायच्या म्हटले तर ४०० गिगाबाइटहून अधिक स्मृती लागते, आणि लहर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईतो सुमारे १ लाख ४० हजार पायऱ्या मोजाव्या लागतात. एका अँटेनाच्या एका जागेसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही. ही पद्धत स्टेशनच्या तोंडासारख्या छोट्या, किचकट तुकड्यांसाठी राखून ठेवलेली बरी.

रोजच्या कामात किरणांचा माग काढणारी पद्धत, म्हणजे रे ट्रेसिंग, जास्त चालते. अँटेनापासून हजारो किरण सोडायचे, भिंतींवर त्यांचे परावर्तन मोजायचे, कडांवरच्या विवर्तनासाठी केलर यांनी घातलेल्या पायावर कुयुमजियान आणि पाठक यांनी १९७४ मध्ये उभारलेला सिद्धान्त वापरायचा. तिचा दुबळेपणा गोल भिंतीत दिसतो. सॉफ्टवेअर वक्र पृष्ठभागाचे सपाट तुकडे करते. तुकडे मोठे राहिले तर खऱ्या बोगद्यात नसलेले प्रखर पट्टे आणि सावल्या चित्रात उमटतात, आणि चित्र रंगीत असल्याने ते खरे वाटतात. लांब, सौम्य वळणांच्या बोगद्यासाठी पॅराबोलिक समीकरणाची पद्धत अधिक भरवशाची. लहर मुख्यतः पुढेच जाते हे गृहीत धरून ती एकेका छेदाने पुढे सरकते. लिओन्तोविच आणि फॉक यांनी १९४६ मध्ये ती पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागासाठी मांडली होती. मागे परतणाऱ्या लहरी ती मोजत नाही, म्हणून समोर उभी गाडी असली की ती अडते.

कोणतीही पद्धत घेतली तरी भिंतींचे गुणधर्म द्यावे लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.२०४० शिफारशीत काँक्रीटची सापेक्ष परावैद्युतता सुमारे ५.२ ते ५.३ दिली आहे. मापनाशी मेळ बसावा म्हणून हा आकडा वरखाली करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. थोडीफार हलवाहलव चालते. पण जुळणीसाठी तो १२ वर न्यावा लागत असेल तर दोष काँक्रीटचा नव्हे, भूमितीचा असतो : कुठली तरी केबल ट्रे, चालण्याची पायवाट किंवा छताला लावलेली वीजवाहक पट्टी नमुन्यातून राहून गेलेली असते.

मापन रात्री, शेवटची गाडी गेल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या वेळात होते. ट्रॉलीवर रेडिओ आणि चाकाला अंतरमापक लावून माणसे बोगद्यातून चालतात. ली यांनी १९८५ मध्ये दिलेल्या निकषानुसार सरासरी काढताना ४० तरंगलांबींची खिडकी घ्यावी आणि तीत ३६ ते ५० नमुने असावेत, २.४ गिगाहर्ट्झला ही खिडकी ५ मीटरची होते. ट्रॉली मात्र गाडी नव्हे. बोगद्याचा बहुतेक छेद व्यापणारे ते धातूचे धूड आत आले की लहरींची वाटच बदलते, म्हणून खऱ्या गाडीवरची चाचणी टाळता येत नाही. सिम्युलेशन आणि मापन यांतला फरक एका आकड्यात सांगण्याची प्रथा आहे. नीट जुळवलेल्या नमुन्यातही तो सहा-आठ डेसिबेल असू शकतो. तो आकडा पाहण्यापेक्षा फरक जागेनुसार मांडलेला पाहावा. सगळा फरक एकाच वळणावर गोळा झालेला असेल तर सरासरी ते लपवून टाकते.

सिम्युलेशन सांगते ते आपल्या लहरींबद्दल. परक्यांच्या लहरी त्यात नसतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो, भारतात २००५ पासून. वायफायला त्यात एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनेल मिळतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये शेन्झेन मेट्रोच्या गाड्या वारंवार थांबू लागल्या. प्रवाशांच्या खिशातले वायफाय हॉटस्पॉट नियंत्रणाच्या रेडिओशी भांडत होते. मुंबईत लिंक रोडवरून जाणाऱ्या २ए लाइनच्या दोन्ही अंगांना, पुलाच्याच उंचीवर, घराघरांतले राउटर आहेत. असा मार्ग आखताना ही गर्दी हिशेबात घ्यावीच लागते. सिंगापूरच्या सर्कल लाइनवर २०१६ मध्ये महिनोन्‌महिने असाच उपद्रव झाला. तिथे कोणत्याही लहरगणिताने दोष सापडला नाही. प्रत्येक बिघाडाची वेळ आणि जागा आलेखावर मांडल्यावर बिघाडांची रांग एका गाडीच्या मागोमाग सरकताना दिसली : पीव्ही ४६ या गाडीवरचे सदोष यंत्र शेजारून जाणाऱ्या गाड्यांचा संपर्क तोडत होते.

हा सगळा अंदाजाचा खेळ टाळण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे लहरच तारेला बांधून ठेवायची. मंक आणि विनबिग्लर यांनी १९५६ मध्ये बोगद्यातल्या गाड्यांसाठी सुचवलेली पाझरणारी केबल आजही वापरात आहे. सिंगापूरच्या नॉर्थ ईस्ट लाइनवर २००३ मध्ये त्याच हेतूने फटी पाडलेली धातूची पोकळ नळी रुळांलगत बसवण्यात आली. पातळी सर्वत्र सारखी मिळते, हिशेब सोपा होतो, पण किलोमीटरच्या किलोमीटर केबल टांगणे आणि सांभाळणे महाग पडते. दुसरा मार्ग परवानाधारक पट्ट्याचा. चीनमधल्या शहरी मार्गांनी १७८५ ते १८०५ मेगाहर्ट्झवर एलटीई हे मोबाइल जाळ्यांचे तंत्र स्वीकारले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली-मेरठ नमो भारत मार्गावरही गाडीनियंत्रण एलटीईवर चालते. भारतीय रेल्वेला २०२१ मध्ये ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झ मिळाले. हॉटस्पॉटचा त्रास अशाने संपतो, शक्तीही जास्त वापरता येते आणि उघड्यावर ठाणी लांब लांब ठेवता येतात. बोगद्यात मात्र एम्स्लींचे सूत्र पुन्हा समोर येते : २४०० वरून ७०० मेगाहर्ट्झवर आल्यास गुळगुळीत बोगद्यातला प्रतिमीटर क्षय, डेसिबेलमध्ये, सुमारे बारापट होतो. वायफायसाठी जुळवलेला नमुना नुसता वारंवारतेचा आकडा बदलून एलटीईसाठी वापरता येत नाही; ठाण्याजवळचा आणि दूरचा टप्पा यांमधली सीमा, वळणांवरची पातळी आणि ठाण्यांच्या जागा नव्याने काढाव्या लागतात.